दोन इंच पुढे

मास्तरांचा डावा गुडघा गेला, आणि त्याच्यापाठोपाठ त्यांची जुनी गाडीही जाणार असं घरात ठरलं. डॉक्टरांनी क्लच दाबायला साफ मनाई केली होती. मास्तरांनी हयातभर ड्रायव्हिंग स्कूल चालवलं, अर्ध्या गावाला गाडी शिकवली. पण क्लच न दाबता ती कशी चालवायची, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. जुन्या गाड्या जमवणारे एक गृहस्थ रविवारी येऊन गाडी घेऊन जाणार होते. हे ठरल्यापासून मास्तर रोज गाडी पुसायचे आणि कुणाशी धड बोलायचे नाहीत.

जावयाला हे बघवेना. जावई म्हणजे मास्तरांचा जुना विद्यार्थी, आणि तोही सपशेल नापास झालेला. त्याचा पाय क्लचवरून कधी पुरता उठलाच नाही, म्हणून मास्तरांनी त्याचं नाव ‘हाफक्लच’ ठेवलं होतं. पुढे मुलगी दिली, तरी ते नाव काही परत घेतलं नाही. त्याची शिकवणी याच गाडीत झाली होती. शेजारच्या सीटसमोर ब्रेक नव्हता, तरी मास्तर तिथे जिवाच्या आकांताने टाच दाबून बसायचे. त्या जागी रबरी मॅटला पडलेलं भोक ते अजूनही येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचे.

"बाबा, गाडी ऑटोमॅटिक करून टाकू," जावई म्हणाला. "क्लचची भानगडच नको."

"कोण करणार?"

"मी."

मास्तरांनी फडकं खाली ठेवलं. "तुझं आणि क्लचचं वैर आहे हे ठाऊक होतं मला. पण तू त्याच्या मुळावरच उठशील असं वाटलं नव्हतं."

तरी ते नको म्हणाले नाहीत. मग जावयाच्या बायकोने, म्हणजे मास्तरांच्या लेकीने, निकाल दिला. "रविवारी बाबांनी स्वतः चालवून कोपऱ्यापर्यंत नेऊन आणली, तर गाडी राहील. नाहीतर जाईल. नंतर कुणी तोंड पाडून बसायचं नाही."

जावई जोमाने कामाला लागला. भंगार बाजारातून त्याने एका मोठ्या गाडीचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आणला आणि दोन मित्रांना हाताशी धरून गाडीखाली चढवला. हा गिअरबॉक्स जुन्यापेक्षा लांब होता. त्यामुळे त्याच्यापासून मागच्या चाकांपर्यंत जाणारा शाफ्ट कापून आखूड करणं आलं. जावयाने बायकोच्या शिलाई मशीनच्या खणातला टेप घेतला, गाडीखाली सरपटत जाऊन माप काढलं आणि शाफ्ट घेऊन थेट लेथवाल्याकडे गेला.

"माप पक्कं ना?" लेथवाल्याने विचारलं. "मी आज रात्रीच्या गाडीने मेहुणीकडे चाललोय. परत कापायला मी सापडणार नाही."

"शेहेचाळीस इंच. डोळे मिटून कापा."

लेथवाल्याने डोळे उघडे ठेवून कापला, वेल्डिंग केलं, पोलादी पट्टी लावून शेहेचाळीस इंच दाखवला आणि दुकानाला कुलूप घातलं.

शाफ्ट बसेना. एक टोक लावलं की दुसरं टोक बाहेर यायचं. जावयाने परत गाडीखाली जाऊन टेप लावला. जागा बरोबर शेहेचाळीस इंच होती.

"शाफ्टही शेहेचाळीस, जागाही शेहेचाळीस," तो घाम पुसत म्हणाला. "मग बसत का नाही?"

"गाडी घाबरली असेल," मास्तर वरून म्हणाले. "तू जवळ आलास की पूर्वीही अंग चोरायची."

जावयाने ते कानाआड केलं आणि डोकं चालवलं. गिअरबॉक्सच मागे सरकून बसला असणार, असा त्याने निष्कर्ष काढला. म्हणून इंजिनासकट तो दोन इंच पुढे घेतला. शाफ्ट झकास बसला, पण इंजिनाचा पंखा रेडिएटरला घासू लागला. रेडिएटर पुढे घेतला, तर समोरची जाळी आड आली. जाळी पुढे काढून पट्ट्यांवर बसवली, तेव्हा बॉनेट मिटेना. शेवटी बॉनेट कपडे वाळत घालायच्या दोरीने बांधलं. गाडीला आता चांगलं ठसठशीत नाक आलं होतं.

शनिवारी संध्याकाळी बायको हातात कात्री घेऊन बाहेर आली. "अहो, माझा टेप बघितला का? पडद्यांचं माप घ्यायचंय."

"हा घे. शाफ्टचं माप घेतलं होतं."

ती टेपाकडे बघतच राहिली. "याने? आणि दोन वजा केले ना?"

"दोन कशाला?"

"अहो, याचे पहिले दोन इंच मशीनमध्ये अडकून फाटले, म्हणून कापून टाकले मी. हा सुरूच दोनपासून होतो. मी प्रत्येक मापातून दोन वजा करते."

जावई मटकन खाली बसला. "हे मला सांगायचं नाही?"

"तुम्ही फ्रॉक शिवायला बसलात की सांगणारच होते!"

मास्तर इतके हसले, की दुखरा गुडघा धरून त्यांना पायरीवर बसावं लागलं. कितीतरी दिवसांनी ते हसत होते. ते बघून लेक थोडी विरघळली. "पण चालेल का ही आता?" तिने विचारलं.

शाफ्ट दोन इंच लांब होता आणि इंजिन दोन इंच पुढे गेलेलं होतं. जावयाने मनात हिशोब केला. "चालेल की!" तो म्हणाला, आणि त्याचं त्यालाच आश्चर्य वाटलं.

रविवारी ते गृहस्थ आले. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली आणि नाकापाशी थबकले. "हे असं का केलंत?"

"टेप फाटला होता," लेक म्हणाली.

मूळच्यासारखं काही राहिलं नाही, असं म्हणून ते चहासुद्धा न घेता निघून गेले. आता या गाडीला भंगारवाल्याशिवाय कुणी विचारणार नव्हतं. सगळी भिस्त मास्तरांवर होती.

मास्तर ऐटीत बसले. जावई शेजारी, लेक मागे. गाडी सुरू झाली, अलगद फाटकाबाहेर पडली, आणि मास्तरांचा डावा पाय क्लच दाबायला धावला. क्लच नव्हताच. त्याच्या जागेपर्यंत ब्रेकचं रुंद पेडल आलं होतं. जावयाचं कपाळ काचेवर आपटलं. पुन्हा निघाले, पुन्हा तेच झालं. गुडघा कळवळत होता, पण इतक्या वर्षांची सवय गुडघ्याला थोडीच विचारते!

"बाबा, डावा पाय मागे!" जावई ओरडला. "तो पाय विसरा!"

"पाय कसा विसरणार, गाढवा?" मास्तरांचा आवाज एकदम पडला. स्टिअरिंगवरचे हात त्यांनी मांडीवर घेतले. "जाऊ दे. नाही जमायचं मला आता."

जावयाला वाईट वाटलं. अशा आवाजात त्याने मास्तरांना कधी ऐकलंच नव्हतं. तेवढ्यात लेकीने पिशवीतून तो दोन इंच तुटका टेप काढला, खाली वाकली आणि वडिलांचा डावा घोटा मागे ओढून सीटच्या पायाला करकचून बांधला. "हं, आता चालवा."

गाडी निघाली. धक्का न देता, कुरकुर न करता, नाक पुढे काढून कोपऱ्यापर्यंत गेली. वळणावर समोरून एक सायकलवाला आला. मास्तरांनी उजव्या पायाने हळुवार ब्रेक लावून गाडी थांबवली, सायकलवाल्याला जाऊ दिलं आणि मग शेजारी खाली बघितलं. जावयाची टाच मॅटच्या भोकात रुतून बसली होती.

"तिथे ब्रेक नाही," मास्तर म्हणाले.

"माहीत आहे, बाबा."

"मलाही माहीत होतं." त्यांनी गाडी पुढे काढली. "दाबून धर. शिकवणाऱ्याला बरं वाटतं तेवढंच."