चौथरा किती उंच

गेल्या श्रावणात पाण्याच्या पंपाचा चौथरा बुडाला, मोटर जळाली आणि गडब गावाजवळच्या खाडीकाठच्या वाडीचे नळ आठ दिवस कोरडे राहिले. खापर फुटलं ग्रामसेवक दिनानाथच्या माथी. मुळातच उदास माणूस. नव्या चौथऱ्याच्या कागदावर त्यानं एवढंच लिहिलं, 'उंची दोन फूट.'

हिरामण गवंड्यानं काँक्रीट ओतलं. दिनानाथ बघायला गेला, तर चौथरा जेमतेम वीतभर दिसत होता.

"बाकीचा कुठे आहे?"

"जमिनीत हाय, भाऊसाहेब. पायापासून मोजा. दोन फूट नाय भरला तर सांगा."

भरला. वर मोटरचे बोल्ट रोवून झाले होते, आता उंची वाढवता येईना, म्हणून तो फोडावा लागला.

दुसऱ्या कागदावर आलं, 'जमिनीपासून दोन फूट वर.' हिरामणनं खाडीच्या अंगाला, खोलगटात पट्टी लावली. रस्त्याच्या अंगाला चौथरा नऊच इंच वर आला.

"जमीन उतरती हाय. ती काय मी केली नाय," हिरामण म्हणाला. तो खोटं बोलत नव्हता, हेच दिनानाथला जास्त लागलं. तोही चौथरा फोडला.

मग सरपंच काशीबाईंनी बैठक बोलावली.

"पुराच्या खुणेपासून मोजा," पंपाशेजारी राहणारा जनू म्हणाला.

"कुणाच्या भिंतीवरच्या?" काशीबाईंनी विचारलं, आणि पुढचा तासभर जो तो आपल्याच घरातला पूर मोठा म्हणून सांगत बसला.

अखेर दिनानाथला रस्ता सुचला. डांबरी, सपाट, सरकारी. त्यावरून कुणाचं भांडण नाही. त्यानं लिहिलं, 'शेजारच्या डांबरी रस्त्यापासून दोन फूट वर.' हिरामणनं ते दोनदा वाचून घेतलं.

"आता कसा सरळ लिवलाव," तो म्हणाला.

गवंड्याची पाणी भरलेली नळी लावून पातळी मोजली, तर केसाचा फरक नव्हता. कित्येक दिवसांनी दिनानाथ पोटभर जेवला.

मे महिन्यात रस्ता उंच करायचं काम निघालं. ठेकेदारानं अडीच फूट भराव घालून वर नवं डांबर ओतलं. जुलैत त्या रस्त्यावरचं सगळं पाणी पंपाकडे उतरलं आणि मोटर पुन्हा बुडाली.

मांडीभर पाण्यात उभा राहून हिरामण म्हणाला, "चौथरा तसूभर हाललेला नाय, भाऊसाहेब."

"माहीत आहे," दिनानाथ म्हणाला आणि टँकर मागवायला गेला.

जुना रस्ता पावसात पाण्याखाली जाई, त्यामुळे टँकर कधी वाडीत शिरत नसे. या खेपेला तो नव्या उंच रस्त्यानं थेट काशीबाईंच्या दारात येऊन थांबला. हंडा लावता लावता त्या म्हणाल्या, "भाऊसाहेब, इतक्या ग्रामसेवकांत तुमीच पाणी दारात आणलंत."

दिनानाथनं त्यांच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं. त्या मनापासून बोलत होत्या.