बनसोडे गार्डांची लाल झेंडी

बनसोडे गार्डांना राग आला की ते लाल झेंडी दाखवायचे.

आता यात अलंकार वगैरे शोधू नका. खरीखुरी झेंडी, रेल्वेची, दांडीला गुंडाळलेली, कोळशानं मळलेली. भांडण ऐन रंगात आलं की बनसोडेमामा दाराआडून ती काढायचे, फडकन उघडायचे आणि समोर धरून डोळे मिटायचे. समोरच्यानं तोंडातला शब्द तोंडातच धरून उभं राहायचं. मग तो दूधवाला असो, नळावरची बाई असो, नाहीतर मामांचा सख्खा मेहुणा. जरा वेळानं मामांचा श्वास खाली बसायचा, लाल झेंडी काखेत जायची आणि हिरवी वर यायची.

"हां, आता बोला. पान्याचं काय म्हनत हुता?"

तोवर तो बिचारा पाणीच काय, स्वतःचं नावही विसरलेला असायचा.

"आला, बगितला, गेला," मामा समजावायचे. "राग म्हंजे मालगाडी. तुमच्या टेसनात तिचं काय काम न्हाय. जाऊ द्यायची की! तुमी उगं थांबवून डबे मोजत बसताय."

ही सत्तरच्या दशकातली, सोलापुरातल्या रेल्वे क्वार्टर्समधली गोष्ट. मामा मालगाडीचे गार्ड, मूळचे वळसंगचे. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, घरात एकुलती एक लेक शालन. घरच्यांनी धम्म घेतला तेव्हा मामा तरुण होते. रविवारची विहारातली वंदना त्यांनी ड्यूटी नसली तर कधी चुकवली नाही. पुढे कुठल्याशा मौनाच्या शिबिराला जाऊन आले, आणि परत येऊन बघतात तो काय, अख्खी क्वार्टर्स आजारी! कोणाला झोप नाही, कोणाला संशय, कोणाला सून. मामांनी ओट्यावर सतरंजी टाकली आणि एकेकाला श्वास बघायला बसवलं.

आणि त्याच सुमाराला शेजारच्या क्वार्टरमध्ये लग्न होऊन मी आले. पुण्याची एम.ए., विषय मानसशास्त्र. बॉबकट, खांद्याला शबनम पिशवी, आणि त्या शबनममध्ये न मावणारी अक्कल. इथल्या एका दवाखान्यात मनाच्या तक्रारींसाठी नवी खोली काढली होती, तिथे मला नेमलं. पुस्तकातल्या चित्रात रोगी आडवा पडून बोलतो, म्हणून मी हट्टानं एक खाट मागून घेतली. माणसं यायची, खाटेवर पडायची आणि मुकाट्यानं बाही वर करायची.

"दंड नको, आजोबा. तुम्हाला काय वाटतंय ते सांगा."

"वाटायचं काय त्यात? बाई, तुमी नुसतं इचारताय. सुई कवा देनार?"

'काय वाटतंय?' हा माझा आवडता प्रश्न होता. भाजीवालीला विचारायची, पोस्टमनला विचारायची. नवरा म्हणाला, आमटीत मीठ नाही, तर मी म्हणे, "मीठ नसल्यामुळे तुम्हाला नेमकं काय वाटतंय?" तो माणूस माझ्याबरोबर टिकला, याचं श्रेय माझ्या शास्त्राला नाही.

माझी खोली रिकामी आणि मामांचा ओटा भरलेला. कहर म्हणजे माझ्या सासूबाईही तिथेच. तशा त्या मामांच्या घरचं पाणीसुद्धा पीत नसत. आमच्या घराचं तेव्हाचं शहाणपण तेवढंच होतं. पण झोप उडाली तशा निवडायच्या भाजीचं ताट घेऊन हळूच त्यांच्या ओट्यावर जाऊ लागल्या. मी टोचलं, "आता कसं चालतं?" तर म्हणाल्या, "श्वासाला कुठे विटाळ असतो गं?"

मामा मिटल्या डोळ्यांनीच म्हणाले, "पान्याला बी नसतोय, आजी. पर सावकाश हू द्या. आदी श्वास."

मामांशी माझा रोज वाद.

"भावना दाबून ठेवल्या की माणूस आजारी पडतो, मामा. बोलून टाकायच्या असतात."

"मी दाबतोय कुटं, डाक्टरीनबाई? बगतोय की."

"नुसतं बघून काय होतं?"

"आन नुसतं बोलून काय हुतं? तुमच्या पुस्तकातल्या त्या दाढीवाल्या डाक्टरानं लोकास्नी गादीवर झोपिवलं. आमच्या भगवंतानं उटवून बसवलं. सांगा, झोपल्याला मानूस बरा का बसल्याला?"

मी चिडून विचारी, "मामा, तुम्हाला स्वतःला काय वाटतं?" त्यावर ठरलेलं उत्तर, "मला कायबी वाटत न्हाय."

परवा माझ्या नातीला तिच्या समुपदेशक बाईंनी सांगितलं म्हणे, राग आला की नुसता त्याच्याकडे बघ, ढगासारखा जाऊ दे. मी म्हटलं, ढग नव्हे गं, मालगाडी! या बाईंची गादी आणि मामांची सतरंजी कधी एक झाली, मला कळलंच नाही.

मामांच्या पद्धतीत धोकाही होता. एकदा ओट्यावर मेहुण्याशी जुंपली. मामांनी झेंडी उघडली, आणि समोरच्या रुळांवर शंटिंग करणारं इंजिन कचकन थांबलं. ड्रायव्हर उतरून धावत आला. "काय झालं? रुळावर कोण हाय?" मामा डोळे मिटून उभे. नियम म्हणजे नियम, मेहुणाही बोलेना. इंजिन फुसफुसत उभं. मामांना साहेबांपुढे उभं राहावं लागलं. तिथेही शांतपणे म्हणाले, "साहेब, मी इंजिन न्हाय थांबिवलं. राग थांबिवला. इंजिन आपल्या मनानं थांबलं." त्यानंतर झेंडी घरातच, आणि तीही रुळांकडची खिडकी लावून.

मग शालनला मुंबईला नर्सिंगला जागा मिळाली.

तिनं 'मुंबई' म्हणायचा अवकाश, मामा उठून खिडकी लावत आणि झेंडी बाहेर. आणि हिरवी काही निघेना! बाकीचे राग येऊन जायचे. ही एकच गाडी फलाटावर मुक्कामाला. हजर व्हायची तारीख जवळ आली तशी शालन रडकुंडीला येऊन माझ्याकडे आली. "काकू, माझी जागा जाणार हो. बाबा नुसते बघत बसलेत."

"काळजी करू नकोस," मी शबनम सावरत म्हटलं. "ही केस मी घेते."

मामांना दवाखान्यात नेलं, खाटेवर आडवं केलं. तेही शहाण्या मुलासारखे छातीवर हात ठेवून पडले.

"मामा, शालन जाणार म्हटल्यावर काय वाटतंय?"

"खाट टोचतीया."

"आणि मनात?"

मी पुस्तकात सांगितल्याप्रमाणे धीर धरला. थोड्या वेळानं मामा घोरायला लागले. दारातून दोघं-तिघं डोकावली. एक बाई कौतुकानं म्हणाली, "दिली वाटतं आज सुई."

माझी केस शेवटी शालननंच सोडवली. एका सकाळी मामा चहाची बशी तोंडाला लावणार, तेवढ्यात तिनं दाराआडची झेंडी काढली आणि बापासमोर धरली.

"बाबा, आज मला राग आलाय. बघा."

"बगतो की," मामा म्हणाले आणि सवयीनं डोळे मिटले.

"उघड्या डोळ्यांनी."

मी आणि सासूबाई दारातच थिजलो. शालननं दुसरा हातही दांडीला लावला, पण झेंडी खाली येऊ दिली नाही. बशीतल्या चहावर साय धरली. मामा लेकीकडे बघत राहिले. मग उठले, तिच्या हातातून झेंडी घेतली आणि नीट गुंडाळून ठेवली.

"हात दुखंल की गं," म्हणाले. "जा, माळ्यावरची ट्रंक काड."

निघायच्या दिवशी सगळे शेजारी फलाटावर. सासूबाई शालनच्या फिरकीच्या तांब्यातलं पाणी पिऊन तांब्या परत भरून देत होत्या, जणू जन्मभर तेच करत आल्या. मामांच्या काखेत त्यांच्या दोन्ही झेंड्या होत्या. गाडीचे गार्ड जाधव म्हणाले, "बनसोडे, लेक तुमची. आज झेंडी तुमीच दावा."

सिग्नल पडला. मामांनी झेंडी उघडली. लाल.

इंजिनमधून ड्रायव्हरनं डोकं बाहेर काढलं. "अवो बनसोडे..." जाधव पुढे झाले, तशा सासूबाई कडाडल्या, "गप्प राहा हो! दिसत नाही, लाल झेंडी आहे?"

मी मामांपाशी जाऊन उभी राहिले. ओठांवर माझा तो प्रश्न आला होता. कसं कोण जाणे, मी तो गिळला.

"का गं पोरी?" मामा मिटल्या डोळ्यांनी म्हणाले. एरवी मी डाक्टरीनबाई. "आज इचारत न्हाईस?"

"काय, मामा?"

"तुजा त्यो प्रश्न."

"काय वाटतंय, मामा?"

"लई वाटतंय गं. हिची आय गेली तवा मी लायनीवर हुतो. गाडी सिग्नलला हुबी. निरोप आला, पर गार्डाला गाडी टाकून जाता येत न्हाय. घरी आलो तवर समदं उरकल्यालं. मान्सं आली, जेवली, गेली. कुनी इचारलंच न्हाय बग."

मामांनी डोळे उघडले. खिडकीत शालन होती. लाल झेंडी काखेत गेली. हिरवी वर झाली.

गाडी हलली. शेवटचा डबा गेला, त्याच्यामागचा धूरही गेला. माणसं पांगली. हिरवी झेंडी अजून वरच होती.

"मामा, गेली गाडी," मी म्हटलं.

"बगतोय की," मामा म्हणाले.