पासवर्डसाठी बेल वाजवा

बाबलकाकांच्या वायफायला पासवर्ड नव्हता. ठेवायचा राहिला म्हणून नाही, मुद्दाम ठेवला नव्हता. नेट बसवायला आलेल्या माणसाने विचारलं, "काका, पासवर्ड काय ठेवू?" काका म्हणाले, "कित्याक? दाराक कडी लावली तर माणसां येतली कशी?" तो म्हणाला, "काका, हे दार नाहीये, नेट आहे." "तांच ता," काका म्हणाले आणि त्याच्या हातात चहाचा दुसरा कप दिला. त्यापुढे कोण वाद घालणार!

आम्ही लालबागच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहतो. काकांची खोली आमच्या शेजारची. रे रोडला लाकडाच्या वखारीत त्यांनी आयुष्य काढलं. काकी गेल्यापासून एकटेच होते, पण एकटे कसले? सकाळी उघडलेलं दार झोपताना बंद व्हायचं, तेही एकदा मांजर दूध पिऊन गेलं म्हणून. राउटर त्यांनी घराच्या आत लावलाच नाही. चौकटीवर, तोरणाच्या बाजूला, खिळा ठोकून टांगला. का, तर गॅलरीत रेंज चांगली मिळते!

झालं. अख्खा मजला काकांच्या दारात. नेट फुकट होतं, पण काका नव्हते. जो येईल त्याच्या फोनमध्ये मान घालून विचारायचे, "काय बघतंस? माका पण दाखव मरे." कदमवहिनी माहेरच्यांशी बोलायला लागल्या की हे मध्येच विचारणार, पाणी येतं का तुमच्याकडे? माझा नवरा, सुहास, एकदा तिथे बसून ऑफिसची मीटिंग करत होता. काकांनी मागून डोकावून त्याच्या साहेबाला विचारलं, "जेवलात काय?" सुहासला घाम फुटला. साहेब मात्र नंतर दर मीटिंगला विचारायचे, तुमचे ते अंकल कुठे आहेत म्हणून.

मला हा माणूस कधीकधी भयंकर डोक्यात जायचा. रविवारी दुपारी जरा डोळा लागतो न लागतो तोच बाहेरून हाक यायची, "काय गो, निजलंस?" अहो, निजले होते ना!

मग त्यांची मुलगी नीलम त्यांना हॉलंडला घेऊन गेली. नवरा-बायको दोघं नोकरीला, नवीन घर घेतलेलं, तेही तिसऱ्याच मजल्यावर. बाबा इथे एकटे नकोत, हा तिचा हट्ट. काकांनी जाताना मजल्यावरच्या प्रत्येकाला तिकडे यायचं आमंत्रण दिलं, पत्ता मात्र कोणालाच दिला नाही. त्यांनाच ठाऊक नव्हता.

तिकडून मोबाईलच्या नेटवरून पहिला व्हिडिओ कॉल आला तो तक्रारीचाच. नव्या घरात नेट नव्हतं. कंपनीने पोस्टाने एक खोका पाठवला होता. उघडा, वायर लावा आणि वापरा, एवढंच.

"माणूस येवचो नाय?" काका पुन्हा पुन्हा विचारत होते. "अगो, नेट बसवूक माणूस नाय येणा? मगे चाय कोणाक देवची?"

नीलम ऑफिसला गेलेली. जावईही. म्हणून आमच्याकडे रात्रीच्या भाजीची फोडणी चाललेली आणि तिकडे काका भर दुपारी फोनचा कॅमेरा खोक्यावर धरून बसलेले. इकडे गॅलरीत आमची ही गर्दी. सुहास म्हणाला, पिवळी वायर. कदमवहिनी म्हणाल्या, आधी गणपतीचं नाव घ्या. मी म्हटलं, काका, कॅमेरा सरळ धरा, मला तुमचा अंगठाच दिसतोय. शेवटी एकदाचा दिवा हिरवा झाला आणि आम्ही टाळ्या वाजवल्या. भाजी करपली ती वेगळीच.

डब्याला छापील पासवर्ड होता. काकांनी फोनवरूनच सुहासच्या डोक्यावर बसून तो कसा काढायचा ते विचारून घेतलं आणि काढला. वर नेटला नावही दिलं, 'या बसा'. इंग्रजी अक्षरांत.

"काका, तिकडे असं कोणी करत नाही," मी म्हटलं.

"म्हणान तर!" काका म्हणाले. "सगळ्यांची दारां बंद. जिन्यात माणूस दिसलो तर हसता, हाय म्हणता आणि आत. आता बघ. फुकटचा नेट गावला की कोणतरी थँक्यू म्हणाक येतलोच."

त्या दिवसापासून रोज संध्याकाळी काकांचा फोन यायला लागला. आमची संध्याकाळ म्हणजे त्यांची दुपार. मी पहिला प्रश्न विचारायचे, "आलं का कोणी?" खरं सांगते, मलाही उत्सुकता लागून राहिली होती. ऑफिसातून येताना बसमध्ये बसून मी विचार करायचे, आज कोणीतरी आलं असेल. काकांनी चहा-साखर काढून ठेवलेली असायची. कपही काढून ठेवलेले.

कोणी आलं नाही.

मग सुहासने त्यांना फोनमध्ये बघायला शिकवलं, आपल्या नेटवर कोण कोण आहे ते. काकांनी बघितलं आणि बोटांवर मोजायला लागले. चार-पाच फोन, एक टीव्हीसुद्धा. सगळे आरामात काकांचं नेट वापरत होते.

"लोकां इली आसत गो," काका म्हणाले. "पण घरात येनत नाय."

मी उगाच इकडच्या पाण्याच्या गोष्टी सांगत बसले.

त्यात ते उघडं नेट नीलमला कळलं. ती भडकली, आणि तिचं काही चुकलं नव्हतं. कोणी काही भलतंसलतं केलं तर नाव आपलं येणार. तिने रात्रीच पासवर्ड टाकला आणि बाबांना निक्षून सांगितलं, तोंड माहीत नसलेल्या माणसाला नेट द्यायचं नाही. दुसऱ्या दिवशी काकांचा चेहरा बघवत नव्हता. फोनवर होते, पण खिडकीबाहेरच बघत होते. मला वाटलं, आता हा माणूस तिथे काही टिकत नाही.

त्यानंतर दोन दिवसांनी फोन आला तर काका एकदम उत्साहात!

"सुहासाक बोलव. माका थंयच्या भाषेत एक पाटी लिहून व्हयी."

पाटी अशी होती: 'या बसा' नेट चालू आहे. पासवर्डसाठी तिसऱ्या मजल्यावर बेल वाजवा. चहा मिळेल. सुहासने फोनमधल्या ट्रान्सलेटरवर ती तिकडच्या भाषेत करून दिली, काकांनी मोठ्या अक्षरांत उतरवली आणि खाली जिन्यापाशी चिकटवली.

"काका, नीलम ओरडेल हां," मी म्हटलं. "आणि जन्मभर कडी लावली नाहीत, आता लावून बसलात होय?"

"कडी नव्हती तर कोण इलो?" काका म्हणाले. "आता त्येंचा नेट बंद पडलाहा, म्हणजे हाक मारूची लागतली. आणि जो दारात येतलो, त्येचा तोंड तरी दिसतला ना? नीलमाक ह्याच व्हया होता."

मी हात जोडले.

तरी मनात धाकधूक होतीच. पाटी लावूनही कोणी आलं नाही तर? उघड्या नेटचं तसं काही नाही, लोकांना कळलं नसेल असं म्हणता येतं. पण चहा मिळेल असं लिहूनही कोणी आलं नाही, तर त्या माणसाने स्वतःला काय सांगायचं?

पुढच्या आठवड्यात एका संध्याकाळी मी, सुहास आणि कदमवहिनी गॅलरीत फोनभोवती बसलो होतो. काका मुंबईत भाज्यांचे काय भाव आहेत ते विचारत होते. तेवढ्यात तिकडे बेल वाजली.

काकांनी दाराकडे मान वळवली. आम्ही फोनवर वाकलो.

"पोस्टवालो असतलो," ते हळूच म्हणाले. त्यांनी फोन टेबलावर कशाला तरी टेकवून ठेवला आणि उठून गेले. आम्हाला त्यांची रिकामी खुर्ची आणि खिडकीचा तुकडा तेवढा दिसत होता. दार उघडल्याचा आवाज आला. एका म्हाताऱ्या बाईचा आवाज, अडखळत इंग्रजीत काहीतरी विचारणारा. त्यात पासवर्ड हा शब्द आम्हाला नीट कळला.

"येस, येस! कम! पासवर्ड लेटर, फर्स्ट टी!" काका ओरडलेच.

कदमवहिनींनी माझा हात घट्ट धरला. तिकडे भांडं ठेवल्याचा आवाज, डबा उघडल्याचा आवाज. काकांचं इंग्रजी संपलं तसे ते सरळ मालवणीत बोलायला लागले, साखर किती व्हयी वगैरे. बाई तिच्या भाषेत उत्तर देत होती. मग दोघंही कशाला तरी हसले.

काकांना आमची आठवण उरली नव्हती. इतके दिवस मी हेच मागत होते देवाजवळ, आणि आता ते झालं होतं. आनंद झाला होता, खरंच, आणि थोडं वाईटही वाटलं.

"ठेव आता फोन," सुहास म्हणाला. "त्यांच्याकडे माणसं आलीयत."

"थांब रे जरा," मी म्हटलं.

तिकडे काकांनी दुसरी खुर्ची ओढली. मग मी फोन ठेवला.