पिवळ्या कार्डावरची खार

रविवारी सकाळी दहा वाजता संग्रहालयाची खार गॅलरीतल्या दोरीवर, दोन मोजे आणि एका उशीच्या अभ्र्याच्या मधोमध, शेपटीला चिमटा लावून टांगलेली होती. संग्रहालयाला अर्थातच याचा पत्ता नव्हता. शनिवारी संध्याकाळी ती खारवाल्यांच्या जेवणाच्या डब्यातून घरी आली होती. वस्तू दालनाबाहेर नेऊ नये, असा जो नियम दालनाच्या दारावर लावलेला होता, तो खुद्द खारवाल्यांच्याच हस्ताक्षरात होता.

खारवाले म्हणजे संग्रहालयातल्या खार दालनाचे प्रमुख. दालनात ते एकटेच असल्यामुळे प्रमुखही तेच आणि फडकं मारणारेही तेच. अकरा वर्षांत खारीविषयी जे जे हाती लागलं ते त्यांनी तिथे आणून मांडलं होतं आणि प्रत्येक वस्तूपुढे एक कार्ड लावलं होतं. खरं असेल ते पांढऱ्या कार्डावर, लोक म्हणतात ते पिवळ्या कार्डावर. खारीचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात, हे पांढऱ्यावर. खार झाडाच्या सालीवर बसते आणि शेपटीचं शीड करून नदी पार करते, हे पिवळ्यावर. एका महावृक्षाच्या शेंड्यावर गरुड बसतो, मुळाशी साप बसतो आणि खार दिवसभर याच्या शिव्या त्याला आणि त्याच्या शिव्या याला पोचवते, हेही पिवळ्यावर. "हे पांढऱ्यावर टाका, आपल्या आवक-जावक विभागात आहे एक," असं संचालक एकदा म्हणाले होते, पण खारवाल्यांना कार्डांच्या बाबतीत विनोद चालत नसे.

अशी दोनशे चौदा कार्डं होती, आणि त्यांत एकही खोटं नव्हतं. वाचणाराही एकही नव्हता. लोक यायचे, मधल्या पेटीतल्या पेंढा भरलेल्या खारीकडे बघून "कित्ती गोड" म्हणायचे आणि चहा कुठे मिळेल ते विचारायचे. त्या प्रश्नावरूनच संचालकांच्या डोक्यात उपाहारगृह आलं, आणि उपाहारगृहासाठी जागा शोधता शोधता त्यांची नजर खार दालनावर गेली. सोमवारी अकरा वाजता समिती येऊन निकाल लावणार होती. आणि नेमकी शुक्रवारी त्या मधल्या खारीला कसर लागलेली दिसली.

"ऊन दाखवा दोन तास," बायको म्हणाली. "कसर लागली की दुसरं औषध नाही." बायको घरच्या घरी उशा आणि सोफ्याच्या गाद्या शिवून द्यायची. कसर या विषयात तिचा शब्द म्हणजे पांढरं कार्ड.

म्हणून खार दोरीवर गेली. तिच्या पोटाची शिवण उसवली होती, तिच्यासाठी रंगाला रंग मिळणारा दोरा हवा होता. तो आणायला नवरा-बायको बाजारात गेले आणि राखणीला सासूबाईंना बसवलं. सासूबाईंना खारींचं वेड जावयापेक्षा जास्त होतं. दालनातली निम्मी पिवळी कार्डं त्यांच्याच तोंडची होती आणि आपलं एकही बोलणं पांढऱ्यावर का जात नाही, याचं त्यांना मनातून वाईट वाटायचं.

तासाभराने दोघं परत आले, तर सासूबाई आत खुर्चीवर शांत बसलेल्या आणि गॅलरीचं दार लोटलेलं.

"आई, बाहेर कोणी नाही?" खारवाल्यांनी विचारलं.

"भेटायला आलंय कोणीतरी तिला."

"कोणाला?"

"तुमच्या खारीला हो. तिच्यातलीच एक. आधी कठड्यावर बसून नुसती बघत राहिली बिचारी. मग हळूच जवळ गेली. म्हटलं, घरच्यांमध्ये आपण कशाला? दार लोटून घेतलं आणि आत आले." सासूबाईंनी पदराने डोळ्यांची कड पुसली. "मेलेल्याला भेटायला येतात त्या. मी सांगितलं होतं तुम्हाला. तुम्ही पिवळ्यावर टाकलंत."

खारवाल्यांनी धावत जाऊन दार उघडलं. दोरीवर खार होती, पण ती आता तिसऱ्या मोज्यासारखी दिसत होती. पोटाची शिवण पार उघडी पडली होती, आतला कापूस आणि काथ्या गायब झाला होता आणि तारेच्या सांगाड्यावर नुसतं कातडं लोंबत होतं. बाळंतपण जवळ आलेल्या खारीला घरट्यासाठी मऊ काही दिसलं की ती पळवते, हे पांढऱ्या कार्डावर होतं. क्रमांक एकोणनव्वद. आपल्याच कार्डाचा असा अनुभव येईल, हे मात्र त्यांच्या स्वप्नातही नव्हतं.

"आणि डोळा?" बायको वाकून बघत म्हणाली. "एक काचेचा डोळा पण नाहीये."

"तोंडात काहीतरी चकाकत होतं खरं," सासूबाई म्हणाल्या. "मला वाटलं, आठवण म्हणून नेतेय."

खारवाल्यांनी कठड्यावरून खाली पाहिलं. तळमजल्याच्या अंगणात एक खार कुंडीत पुढच्या पायांनी माती सारत होती. खारवाल्यांचा जीव भांड्यात पडला आणि लगेच बाहेरही आला, कारण ही संग्रहालयामागची कर्मचारी वसाहत होती आणि तळमजल्यावर संचालक राहत होते. कुंड्या गुलाबांच्या होत्या. संचालकांचं बायकामुलांवर नसेल इतकं प्रेम त्या गुलाबांवर होतं.

तरी खारवाले गेले. हातात चहाचा चमचा घेऊन, चपला वर काढून ठेवून गेले. पहिल्या कुंडीत काही नव्हतं. ती खार तोवर दुसऱ्या कुंडीवर गेली होती. दुसऱ्या कुंडीतही काही नव्हतं. कोणी बघत असलं की खार काहीच न पुरता पुरल्याचं नुसतं सोंग करते, हे एकशे दोन नंबरचं पांढरं कार्ड खारवाल्यांना तिसऱ्या कुंडीशी आठवलं. पण आठवून उपयोग काय? सहा कुंड्या झाल्या, सातवी सुरू झाली. खार कठड्यावर बसून शेपूट झटकत हे सगळं बघत होती.

"खारवाले, काय चाललंय?"

संचालक हातात झारी घेऊन दारात उभे होते.

"माती मोकळी करतोय, सर. मुळांना हवा लागते."

"चमच्याने?"

"नाजूक झाडं आहेत, सर."

संचालकांनी उकरलेल्या सात कुंड्या पाहिल्या, खारवाल्यांचे अनवाणी पाय पाहिले आणि त्यांचा चेहरा हळूहळू समजूतदार झाला. "तुमच्या मनात काय आहे ते कळतं मला," ते म्हणाले. "पण माझ्या कुंड्या खुरपून दालन वाचायचं नाही, हे आधीच सांगतो. निर्णय समितीचा आहे." थोडं थांबून ते पुढे म्हणाले, "आता सुरूच केलंय, तर पलीकडच्या पाचही करून टाका. आणि नीट करा, वरवर नको."

खारवाल्यांनी त्या पाचही नीट केल्या. संचालक शेजारी उभे राहून गुलाबांची माहिती देत होते, त्यामुळे मातीत डोळा शोधणं तर दूरच, मान खाली घालणंही शक्य नव्हतं. डोळा मिळाला नाही. वर येऊन त्यांनी हात धुतले तेव्हा दुपारचे दोन वाजले होते.

मग बायकोने सूत्रं हाती घेतली. घरात स्पंजचे तुकडे पोतंभर होते. तिने ते कातड्यात भरायला सुरुवात केली. भरायचं म्हणजे कोपरा न् कोपरा भरायचा, हा तिच्या धंद्याचा पहिला धडा.

"पुरे गं," खारवाले म्हणाले.

"रिकामं राहिलं की सुरकुत्या पडतात. नंतर लोक मला बोलतात."

"अगं, ती खार आहे. लोड नाही."

"म्हणून तर हाताने शिवतेय. चेन लावून देऊ का? पुढच्या वेळी बरं पडेल."

चार वाजता खार तयार झाली. ती उभी राहीना, म्हणून तिला बसवली. पंगतीत आग्रहाला बळी पडलेल्या माणसासारखी ती दिसत होती. गेलेल्या डोळ्याच्या जागी खारवाल्यांच्या कोटाचं काळं बटण आलं होतं. सासूबाईंनी तिला सगळ्या बाजूंनी पाहिलं आणि तिची तब्येत सुधारल्याचं सांगितलं.

प्रश्न होता कार्डाचा. एवढी जाड खार समितीपुढे ठेवायची तर त्याचं कारण द्यायला हवं. हिवाळ्याच्या तोंडावर खारी अंगावर चरबी चढवतात, हे खरं होतं. ही खार त्यांतली नव्हती, हेही खरं होतं. खारवाल्यांनी पांढरं कार्ड घेतलं, 'हिवाळ्याच्या' एवढं लिहिलं आणि फाडलं. दुसरं घेतलं, तेही फाडलं.

"अहो, एक तर कार्ड आहे," बायको म्हणाली. "वाचतंय कोण?"

"कोणी वाचत नाही म्हणून खोटं लिहू?"

"मग खरं लिहा."

"खरं लिहिलं तर दालन गेलं. अकरा वर्षं गेली."

बायकोने त्यांच्यापुढे चहा ठेवला आणि तिथेच बसून राहिली. खारवाले बराच वेळ पेनाचं टोपण काढत होते आणि लावत होते. शेवटी त्यांनी एक पिवळं कार्ड ओढलं आणि त्यावर लिहिलं: 'हिवाळ्याच्या तोंडावर लठ्ठ झालेली खार.' मग ते उठून गेले, कारण त्यांना स्वतःची लाज वाटत होती.

सोमवारी अकराला समिती आली. दोन सभासद होते आणि अध्यक्षा होत्या. अध्यक्षाबाई बारीक चणीच्या, साखळीचा चष्मा लावणाऱ्या आणि कमी बोलणाऱ्या होत्या. संचालक त्यांना थेट खिडकीकडे नेऊन चुलीची जागा कुठे होईल ते दाखवणार होते. पण बाई पहिल्या पेटीपाशी थांबल्या, चष्मा लावला आणि पहिलं कार्ड वाचलं. मग दुसरं वाचलं. मग तिसरं. एक सभासद बाकावर बसला. संचालकांनी चार वेळा घड्याळ पाहिलं. बाई वाचतच राहिल्या, आणि खारवाले त्यांच्या मागे दोन पावलांवर, श्वास जपून घेत चालत राहिले. अकरा वर्षांत त्यांनी कोणाला त्यांचं चौथं कार्ड वाचताना पाहिलं नव्हतं.

साडेबाराला त्या मधल्या पेटीशी आल्या. बराच वेळ त्या खारीकडे बघत होत्या. खारीचा बटणाचा डोळा भिंतीकडे केलेला होता, पण बाईंनी वाकून तोही पाहिला.

"पांढरं म्हणजे खरं आणि पिवळं म्हणजे लोक म्हणतात. असंच ना?"

"हो, बाई."

"मग ही लठ्ठ आहे, असं लोक म्हणतात?"

खारवाल्यांनी आधी कार्डाकडे पाहिलं, मग खारीकडे.

"मला तर ती लठ्ठ दिसतेच आहे," बाई म्हणाल्या.

"रंगाची गडबड झाली असेल," बाकावरचा सभासद कंटाळून म्हणाला. "पांढरं लावून टाका आणि पुढे चला."

खारवाल्यांना एवढंच म्हणायचं होतं, की हो, गडबड झाली. म्हटलं असतं तर सगळं निभावलं असतं. पण समोरच्या बाईंनी दीड तास उभं राहून त्यांची कार्डं वाचली होती. अशा माणसाला खोटं सांगायचं त्यांच्या जिवावर आलं.

"गडबड नाही, बाई. ती लठ्ठ झालेली नाही. ती स्पंजने भरलीय," ते म्हणाले, आणि त्यांनी डब्यापासून बटणापर्यंत सगळं सांगून टाकलं.

"म्हणजे माझ्या कुंड्या?" संचालकांनी मध्येच विचारलं.

"डोळ्यासाठी, सर."

"बाराही?"

"सात डोळ्यासाठी. पाच तुम्ही सांगितल्यात म्हणून."

संचालक लाल झाले. वस्तू बाहेर नेल्याबद्दल काय काय करता येतं ते ते सभासदांना सांगू लागले. अध्यक्षाबाई मात्र हसल्या नाहीत आणि रागावल्याही नाहीत. त्यांनी चष्मा काढून हातात धरला.

"सासूबाईंनी खरंच दार लोटून घेतलं?"

"हो, बाई."

"मग हे सगळं लिहा. पांढऱ्या कार्डावर लिहा आणि हिच्यापुढे लावा. हिला दुरुस्त करू नका."

दालन राहिलं. खारवाल्यांना लेखी समज मिळाली, ती त्यांनी घरी जपून ठेवली. पेटीपुढे दीड हात लांबीचं पांढरं कार्ड लागलं. त्यात सासूबाई होत्या, चमचा होता, बारा कुंड्या होत्या. पहिल्या आठवड्यात ते कार्ड वाचून हसणारे लोक दुसऱ्या आठवड्यात पाव्हण्यारावळ्यांना घेऊन आले. महिन्याभरात दालनाबाहेर रांग लागली. एवढी माणसं आली म्हटल्यावर उपाहारगृह करावंच लागलं, आणि मोठ्या खिडक्या, नळ आणि वारा या तिन्ही सोयी असलेली खोली सबंध इमारतीत एकच होती. ती संचालकांची होती. त्यांचं टेबल तात्पुरतं म्हणून खार दालनात, दातांच्या पेटीला लागून, मांडण्यात आलं.

पहिले काही दिवस संचालक खारींकडे पाठ करून बसले. पण माणूस टेबलाशी बसून किती वेळ टेबलाकडेच बघणार? एका गुरुवारी दुपारी त्यांनी खारवाल्यांना बोटाने जवळ बोलावलं.

"तुमचं सतरा नंबरचं कार्ड. खारीच्या पुढच्या पायाला चार बोटं, असं लिहिलंय."

"चारच असतात, सर."

"मग शेजारच्या चित्रात पाच का काढलीत?"

खारवाल्यांनी जाऊन पाहिलं. पाच होती. चित्र त्यांनी स्वतः काढलेलं होतं, अकरा वर्षांपूर्वी.

त्या संध्याकाळी ते घरी आले ते गाणं गुणगुणत. चूक निघाल्याची हकीकत त्यांनी बायकोला एकदा सांगितली आणि सासूबाईंना दोनदा सांगितली.

"अहो, चूक काढली तुमची," बायको म्हणाली. "त्यात इतकं खूश होण्यासारखं काय आहे?"

"अगं," खारवाले म्हणाले, "चूक काढायला आधी वाचावं लागतं."