तीन नंबरचं दार

भाऊसोला अवकाशयानात तीन नंबरच्या दारापाशी उभं राहून मालिकेचे एकसष्ट भाग झाले होते. यान म्हणजे साताऱ्याबाहेरचं एक जुनं गोदाम, आणि रक्षक झालेल्या भाऊसोचं वाक्य एकच, "दार बंद आहे, साहेब." उभं राहून पाय भरून येतात म्हणून तो घरी कुरकुरायचा, पण पुढंमागं दुसरं वाक्य मिळेल ही आशा काही सोडत नव्हता. मग एके दिवशी लेखकानं ते दार उघडलं आणि भाऊसोला अंतराळात भिरकावून दिलं.

त्याच्यापेक्षा त्याच्या बायकोला, मंगलला, जास्त लागलं. तिनं सोयऱ्यांच्या ग्रुपवर कळवून टाकलं, "आमचे हे गेले. शेवटचं दर्शन सोमवारी साडेसातला."

सोमवारी सातला वडूजहून जीप आली. मयताच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून धोंडुबाई आत्या कडू घास घेऊन आली होती, पाटीभर भाकरी आणि डेचकंभर पिठलं. उंबऱ्यातच तिनं सूर लावला. दार उघडलं ते भाऊसोनंच.

"आत्या, मी हाय अजून," तो थकून म्हणाला.

"मंग गेलं कोन?"

"मीच. पर टीव्हीत."

एवढ्या लांबून आलेली माणसं तशीच परतणार थोडीच? सगळे पिठलं-भाकरी घेऊन टीव्हीपुढं बसले. काळोखात तरंगत भाऊसो बारीक बारीक होत गेला, तसं आत्याला राहवेना.

"आरं माझ्या लेकरा, तितं तुला भाकरी कोन दील रं?"

हंबरडा असा, की अख्खी आळी गोळा झाली. आत्याच्या सुनेनं, प्रांजलनं, तो मोबाइलवर टिपला आणि तीन दिवसांत तो राज्यभर पसरला.

चौथ्या दिवशी गोदामातून बोलावणं आलं. मढं कुठं दाखवलंय, म्हणजे परत यायला वाव आहे, असं म्हणत भाऊसो गुळगुळीत दाढी करून गेला. दिग्दर्शकाला हवी होती आत्या. मेलेल्या रक्षकाची आई म्हणून.

"आणि मी?" भाऊसोनं विचारलं.

"तुम्ही आहात की. रोज आहात."

आता आत्या रोज दोन-दोन पानं बोलते, आणि तिच्या मागं भिंतीवर हार घातलेला भाऊसो असतो. खरा भाऊसो तिला वडूजहून ने-आण करतो. परवा तो तिच्यापाठोपाठ आत निघाला, तर तीन नंबरच्या दारावरच्या नव्या माणसानं हात आडवा घातला.

"दार बंद आहे, साहेब."

भाऊसोला फार वाईट वाटलं.

"'साहेब' जरा लांबवायचं असतं," त्यानं समजावून सांगितलं आणि जीपमध्ये जाऊन बसला.