रिकाम्या गाडीचं वजन

आमचे अण्णामामा कुठलीही गोष्ट एकदा बघत नाहीत. दोनदा बघतात. एकदा भरलेली आणि एकदा रिकामी.

लग्नाला जाऊन, पोटभर जेवून घरी आले, की मामी विचारतात, कसं झालं लग्न. मामा म्हणतात, "उद्या सांगतो." आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, मांडववाले टेम्पोत खुर्च्या भरत असताना, हा गृहस्थ पुन्हा त्या कार्यालयात जातो आणि रिकाम्या हॉलच्या मधोमध पाठीमागे हात बांधून उभा राहतो. मग घरी येऊन निकाल देतो. "बरं झालं. नवऱ्या मुलीचा बा अजून झाडू मारालता."

डॉक्टरकडे पहिल्यांदा जातात ते ऐन गर्दीत. दुसऱ्यांदा जातात ते दवाखाना बंद व्हायच्या बेताला. पेशंट नसताना डॉक्टर काय करतो, हे बघितल्याशिवाय त्याची गोळी घ्यायची नाही. झोपलेला असला तर चांगला डॉक्टर. मोबाईल बघत असला तर दुसरा हुडका.

हे मामा माझ्या बायकोचे, वैशालीचे सख्खे मामा. म्हणजे यातून मीही सुटलेलो नाही. मुलगी बघायला मी कोल्हापूरला आलो तेव्हा घरात पाच-पंचवीस माणसं, पोह्यांच्या बशा, हसणं-खिदळणं. सगळ्यांनी मला पसंत केलं. मामा काहीच बोलले नाहीत. मी परत निघालो तेव्हा ते माझ्या मागोमाग स्टँडवर आले आणि खांबाआडून अर्धा तास माझ्याकडे बघत राहिले. हे मला पुढं कित्येक वर्षांनी कळलं. मी तिथं एकटा उभा राहून वडा खाल्ला, तेलकट कागद टाकायला डबा शोधला, डबा सापडला नाही, म्हणून घडी घालून खिशात ठेवला. मामा घरी जाऊन म्हणाले, "चालंल." माझ्या संसाराचा पाया एका वड्याच्या कागदावर उभा आहे.

याचं मूळ त्यांच्या नोकरीत आहे. मामा कसबा बावड्याचे, आणि सगळी नोकरी साखर कारखान्यात काट्यावर. तिथं उसाची गाडी आली की आधी भरलेली तोलायची, ऊस उतरला की रिकामी तोलायची, मग कळतं ऊस किती होता ते. चौतीस हंगाम माणसानं हेच केलं. निवृत्त झाल्यावर काटा कारखान्यातच राहिला, पण सवय मामांच्या बरोबर घरी आली. "भरल्याली गाडी लई बोलती, पावणं," असं ते मला नेहमी सांगतात. "रिकामी गाडी खरं बोलती."

तर अशा माणसाला मी घर शोधायला बरोबर घेतलं. चूक माझीच.

झालं होतं असं. पुण्यात आमच्या कंपनीत वर्षभर कामंच येईनात. आम्ही यंत्रांच्या भागांची चित्रं काढणारी माणसं. ज्यांना यंत्रं हवी होती त्यांनी हात आखडले, तसे आमच्या ऑफिसचे दोन मजले होते त्याचा एक झाला, मग अर्धा झाला, आणि मी बरेच दिवस घरूनच काम करू लागलो. शेवटी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून चहा पाजला, तेव्हाच मी ओळखलं. ते म्हणाले, नोकरी राहील, पण पगार कमी होईल आणि काम कायमचं घरून करावं लागेल, घर कुठंही असलं तरी चालेल. तीस तारखेपर्यंत सांगा. त्या पगारात पुण्याचं भाडं झेपणार नव्हतं. वैशाली म्हणाली, कोल्हापूर. मी म्हणालो, बघू. पंचविशी ओलांडल्यापासून मी पुण्यात. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी बायकोच्या माहेरी बिऱ्हाड हलवायचं म्हणजे हरून आल्यासारखं वाटत होतं. पण आठ दिवसांची रजा टाकली आणि वैशालीला, मुलीला पुण्यात ठेवून मामांच्या घरी येऊन उतरलो.

पहिल्याच दिवशी मी सहज विचारलं, "मामा, तुमचा वरचा मजला रिकामाच आहे ना?"

"वर गळतंय," मामा म्हणाले आणि पेपर उघडला. मामी आत गेल्या. वरून खरंच ठोकाठोकीचा आवाज येत होता. गळती काढताहेत म्हणे. विषय संपला.

राजारामपुरीतला पहिला फ्लॅट मला आवडला होता. खाली शिकवण्या चालायच्या, बाजार हाताशी, मुलीसाठी शाळा जवळ. मालक सज्जन. मी मान डोलावणार एवढ्यात मामा म्हणाले, "आता भरल्यालं बघितलं. उद्या अकराला रिकामं बघू." दुसऱ्या दिवशी अकरा वाजता शिकवण्या सुटलेल्या, जिना सुनसान. मामा हॉलच्या मधोमध डोळे मिटून उभे राहिले. पाच मिनिटं झाली. दहा झाली. मालक माझ्याकडे बघायला लागला. मी खिडकीबाहेर बघायला लागलो. पावणेबारा वाजता मामांनी डोळे उघडले. "पोरं गेल्यावर बी ह्ये घर दमल्यालंच हाय. चला."

मी म्हणालो, मामा, घर दमत नाही. ते म्हणाले, तुम्ही दमत न्हाईसा का? मग.

दुसरं घर बावड्याच्या कडेला, उसाच्या फडाला खेटून उठलेल्या नव्या इमारतीत. तिथं नमुन्याचा फ्लॅट सजवून ठेवला होता. पडदे, सोफा, पलंग, टेबलावर प्लॅस्टिकची सफरचंदं. गळ्यात टाय बांधलेला एक तरुण आमचं स्वागत करत होता. मामा त्याला म्हणाले, "सामान काढा."

त्याला वाटलं, काका गंमत करताहेत. काका गंमत करत नाहीत हे मला माहीत होतं, म्हणून मी हळूहळू गॅलरीत सरकलो. अर्ध्या तासात दोन गवंडी बोलावून सोफा जिन्यात, पलंग लिफ्टजवळ आणि सफरचंदं माझ्या हातात. रिकाम्या खोलीत मामा फिरले. मग बाहेर येऊन सरळ त्या पलंगावर आडवे झाले. गुडघ्यापासून खाली पाय अधांतरी.

"पोरांचा पलंग करून ठेवलाय," ते झोपूनच म्हणाले. "खोली मोठी दिसावी म्हणून. तुमचा खरा पलंग आणलासा तर दार लागायचं न्हाय."

मी मोजून बघितलं. खरंच दार लागलं नसतं. चौतीस हंगामांचा विजय. पण त्या टायवाल्याचा चेहरा बघवेना. तो म्हणाला, "काका, घर घेऊ नका, पण सोफा तेवढा आत लावून जावा." मामा स्कूटरवर जाऊन बसले होते. सोफा मी लावला. सफरचंदंही.

असे दिवस चालले होते. घरं तर नाकारली जात होतीच, पण त्याहून वैताग होता तो मामांच्या प्रश्नांचा. स्कूटर चालवत असताना मागून कानात प्रश्न यायचे. घरातून काम करताना टेबल कुठं लागतं? मी सांगितलं, खिडकीशी, पण उजेड डावीकडून यायला हवा. विजेची बटणं किती लागतात? मी सांगितलं. मध्येच कुणी दार वाजवलं तर? मी सांगितलं, आतून कडी असली की बरं पडतं. आणि मग एकदा, बावड्याच्या रस्त्यावर, समोरून उसाची ट्रॉली येत असताना:

"भरदुपारी घरात बसण्यात सगळ्यात वाईट काय, पावणं?"

मी वैतागलो होतो. खरं तेच तोंडातून निघालं. म्हणालो, सगळ्यात वाईट म्हणजे जरा पाय मोकळे करायला खाली उतरावं आणि दारात कुणीतरी हसत विचारावं, आज सुट्टी वाटतं? दिवसातून तीन माणसं विचारतात. वाईट हेतू कुणाचाच नसतो. पण मी आता कचरा टाकायलासुद्धा अंधाराची वाट बघतो.

 मामांनी खिशातली छोटी वही काढून काहीतरी लिहिलं. चालत्या स्कूटरवर. तोल गेला, मी ओरडलो, वही सांभाळत ते म्हणाले, "आता पुणं सांगा. भरल्यालं न्हाय. रिकामं."

मी म्हणालो, शहर कसं रिकामं सांगणार? तरी स्कूटर चालवता चालवता मनात एकेक वजा करत गेलो. ऑफिस काढलं. ऑफिसची माणसं काढली. शनिवारचं हॉटेल काढलं. उरलं काय? एक लिफ्ट. तिच्यात तेवीस वर्षं ज्यांच्याबरोबर वर-खाली केलं त्यांतल्या दोघांची आडनावं मला माहीत आहेत. हे मी मामांना सांगितलं नाही. 

तिसरं घर मामांच्या गल्लीपासून दोन गल्ल्या पलीकडं होतं. दोन खोल्या, पुढं पेरूचं झाड, मालकीण एकटी शिक्षिका. मामांनी ते भरलेलं बघितलं, रिकामं बघितलं आणि म्हणाले, "बघू." अठ्ठावीस तारीख उजाडली तरी बघूच. मामा सकाळी बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, दर्शनाला गेले आणि मी मामींपुढं फुटलो. म्हणालो, मामी, मी उद्या जातो. यांना मला कोल्हापुरात आणायचंच नाही. हे नुसती माझी उलटतपासणी घेताहेत.

मामी भाकरी थापत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "जावा, वर बघून या. कुलूप काढल्यालं हाय."

मी वर गेलो. गळतीचा मागमूस नव्हता. ताजा रंग. खिडकीशी टेबल, उजेड डावीकडून. टेबलाच्या वर मी सांगितली होती तेवढीच बटणं. दाराला आतून नवी पितळी कडी. आणि मागच्या भिंतीला एक दार पाडून तिथून सरळ मागच्या बोळात उतरणारा लोखंडी जिना, लाल रंग अजून ओला. म्हणजे भरदुपारी कुणी खाली उतरलं तर पुढच्या दारात बसलेल्या कुणालाही दिसायचं नाही.

 ह्या म्हाताऱ्यानं आठ दिवस शिव्या खाल्ल्या, आणि माझ्यासाठी जिना उभा केला. मी धावतच खाली आलो. मामा नुकतेच चपला काढत होते. मी वाकून त्यांचे पाय धरले.

"उठा, उठा," मामा गोंधळून म्हणाले. "तुमच्यासाठी न्हाय त्ये, पावणं."

आयुष्यात एवढा ओशाळलो नव्हतो. पाय तर धरलेले, सोडायचे कसे?

मामा पायरीवर बसले. मलाही बसवलं. मग हळूहळू कळलं. सन्मती, त्यांचा एकुलता मुलगा, बंगळूरला. त्याची नोकरी जाऊन चार महिने झाले. सूनबाईनं मामींना गुपचूप सांगितलं होतं. सन्मतीनं आई-वडिलांना सांगितलं नव्हतं. दर रविवारी फोन करायचा आणि या आठवड्यात कँटीनला इडली कशी होती ते सांगायचा. मामा ऐकून घ्यायचे. इडली मऊ होती का, एवढं विचारायचे.

"मग तुम्हीच त्याला बोलवा ना, मामा."

मामांनी अंगणाकडं तोंड फिरवलं.

"त्यो पहिल्यांदा बंगळूरला गेला तवा स्टँडवर सोडाय गेलतो. तवा म्हणालो त्येला, आता भरूनच ये. रिकामा येऊ नगो." त्यांनी गुडघ्यावरची नसलेली धूळ झटकली. "चौतीस हंगाम काट्यावर काढलं. एक गाडी बघितली न्हाय जी घरला रिकामी गेली न्हाय. सगळ्या रिकाम्याच जात्यात. आणि पोराला असलं बोललो."

आत तव्यावर भाकरी फुगल्याचा वास आला.  मग मामांनीच वाट काढली. म्हणाले, तुम्ही लावा त्याला फोन. तुमचंच सांगा. नोकरीचं, पगाराचं, सगळं. माझं नाव काढू नका. दुपारी मात्र नको, दुपारी तो लायब्ररीत जाऊन बसतो, ऑफिसला गेल्यासारखा. संध्याकाळी लावा.

संध्याकाळी ओसरीवर बसून मी फोन लावला. सन्मतीला सगळं सांगितलं. साहेबांचा चहा, कमी झालेला पगार, अंधार पडायची वाट बघणारा कचरा. तो ऐकत राहिला.  मग म्हणाला, "दाजी, तुम्ही मग काय ठरवलंत?" मी काहीच ठरवलं नव्हतं. पण तोंडातून निघालं, "येतोय. पेरूच्या झाडाचं घर घेतोय."  त्यावर त्यानं अगदी लहान आवाजात विचारलं, "अण्णा काय म्हणाले तुम्हाला?"

मी फोन मामांच्या पुढं धरला. ते नको नको म्हणत होते. मी खाली घेतला नाही. आठ दिवसांचा सूड होता तो. शेवटी त्यांनी दोन्ही हातांनी फोन धरला, तराजू धरावा तसा.

"सन्मती, वरची खोली गळायची थांबली बघ," मामा म्हणाले. मग नुसतं "व्हय" म्हणाले. मग आणखी एकदा "व्हय". मग घसा साफ करून म्हणाले, "सामान-बिमान काय आणू नगो. रिकामाच ये."

फोन माझ्या हातात देऊन ते जिना चढून वर गेले. ऊन उतरलं होतं. या घरात सूर्य मावळायच्या आत जेवणं होतात. मामा तर पाच मिनिटं इकडची तिकडं होऊ देत नाहीत, मावळल्यावर घास घेत नाहीत. मामींनी ताटं घेतली. मी वर हाक मारायला गेलो, तर मामा रंगाच्या वासाच्या त्या रिकाम्या खोलीत मधोमध पाठीमागे हात बांधून, डोळे मिटून उभे होते.

मी हाक न मारता खाली आलो.

दिवस मावळला. त्या दिवशी मामा जेवले नाहीत. त्यांच्या वाटणीची भाकरी मामींनी काही न विचारता माझ्या ताटात वाढली, आणि मीही काही न बोलता खाल्ली.