शोभाताईंचं लाल पेन

शोभाताईंच्या हातात काहीही छापील पडलं की त्या आधी लाल पेन काढतात. एका लग्नपत्रिकेतल्या ‘सर्वांनी अगत्याने यावे’खाली रेघ मारून त्यांनी वरबापाला विचारलं होतं, ‘सर्वांनी म्हणजे नक्की कोणी?’

आमच्या इंदिरानगरच्या इमारतीत त्या तिसऱ्या मजल्यावर राहतात. वय एकेचाळीस. पिंपळगाव बसवंतच्या पॅकहाउसमध्ये द्राक्षं तपासतात. एक मणी फुटका निघाला की पेटी बाद. वाक्यांनाही त्यांचा तोच न्याय.

मी मानसिक आरोग्याच्या चळवळीत आहे, पत्रकं लिहितो. गेल्या वर्षी ‘आपल्या इमारतीत कुणीही एकटं नाही’ हे पत्रक दारोदार वाटलं. ताईंनी मथळा दोनदा वाचला.

‘सिद्ध कर.’

‘ताई, ही भावना आहे.’

‘मग तसं लिही. कुणीही म्हटलंस की मोडायला एक अपवाद पुरतो.’

तपासून देते म्हणत त्यांनी पत्रक ठेवून घेतलं. मला राग आला. बाकी सगळ्यांनी निमूट घेतलं होतं, न वाचता का होईना.

त्याच वर्षी जूनमध्ये ताईंनी एम.एस्सी. गणिताला प्रवेश घेतला. विशीत एकदा घेतला होता, पण नैराश्यामुळे पहिल्याच सत्रात सुटला. तेव्हा घरच्यांनी डॉक्टर सोडून स्थळं आणली. यावर मी चार पानी पत्रक लिहीन, पण ताई तपासायला मागतील.

प्रवेश घ्यायला मी सोबत गेलो होतो. टेबलावर आजाराचं त्यांनी स्वतःच सांगितलं. पलीकडचे साहेब म्हणाले, ‘गोळ्या चालू आहेत, वर नोकरी. झेपेल?’ मी घोषणा द्यायच्या बेतात होतो. ताई शांतपणे म्हणाल्या, ‘गोळी मी घेते, तुमच्या अभ्यासक्रमाला देत नाही.’

परीक्षा लांबत लांबत नेमकी द्राक्षांच्या हंगामात आली. दिवसभर उभं राहून काम, मग अभ्यास. एक दिवस ताईंनी वह्या बांधून माळ्यावर टाकल्या. दोन दिवस कामावर गेल्या नाहीत. दार वाजवलं तर आतून आवाज आला, ‘पुन्हा तसंच होतंय रे.’

मी पत्रकातली वाक्यं म्हणू लागलो. ती संपली. मग पायरीवर बसून राहिलो. बऱ्याच वेळाने दार उघडलं.

‘अजून आहेस?’

‘हो.’

‘उद्या डॉक्टरांकडे चल माझ्याबरोबर. आणि परवापासून सकाळी बसथांब्यावर ये. मला रोज एक प्रमेय कुणाला तरी सांगायचंय.’

‘मला गणितातलं ओ की ठो कळत नाही.’

‘म्हणूनच. कळणारा मधे बोलतो.’

पॅकहाउसची बस यायच्या आधी, पेटीच्या पुठ्ठ्यावर लिहीत, ताई मला प्रमेयं सांगू लागल्या. हळूहळू थांब्यावरच्या पॅकिंगच्या बायकाही वाकून पाहू लागल्या. त्यांतली मंदा म्हणाली, ‘ताई, हे लय बारीक अंतर घेतलं तुम्ही. याच्याहून बारीक नाय का?’

ताई माझ्याकडे वळल्या. ‘बघ. सगळं प्रमेय याच प्रश्नावर उभं आहे. महिनाभरात तू हे विचारलं नाहीस.’

परीक्षेसाठी मालक रजा देईना. मी फलक रंगवायला घेतला. त्याचा रंग वाळायच्या आत बायकांनी ताईंचं काम आपसात वाटून घेतलं आणि मालकाला नुसतं कळवलं. फलक अजून माझ्या पलंगाखाली आहे.

ताई सगळ्या विषयांत पास झाल्या, एका विषयात तर वर्गात पहिल्या. विशीतल्या पोरापोरींच्या वर्गात! थांब्यावर पेढे वाटले. मंदा म्हणाली, ‘सुटलो बाई. आता सकाळी गप्पा मारता येतील.’

‘दुसरं सत्र आहे,’ ताई म्हणाल्या.

त्या संध्याकाळी त्यांनी माझं पत्रक परत दिलं. मथळ्याखाली लाल शाईत वर्षापूर्वीची ओळ होती : ‘अपवाद : मी, तिसरा मजला.’ त्यावर आता पट्टी धरून रेघ मारली होती. शेजारी लिहिलं होतं : ‘बाद.’

मी ते ‘बाद’ दोनदा वाचलं.

‘हुरळू नकोस. एक अपवाद गेला म्हणून मथळा सिद्ध होत नाही. पहिल्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या काकांचं दार कधी वाजवलंयस?’

‘पत्रक टाकलं होतं.’

‘चल,’ म्हणत ताईंनी पायांत चपला सरकवल्या. लाल पेन टेबलावरच राहिलं.